मसाल्याच्या मागे बिअर आहे का?

प्रश्न : हिवाळ्यापुरती निघणारी मसालेदार एल (बिअरचाच एक प्रकार) भेट मिळाली, ७.५ टक्के अल्कोहोलची. फ्रीजमधून काढली आणि लगेच ओतली. सुरुवातीला कसलाच वास नाही. ग्लास संपत आला तेव्हा मात्र लवंग-दालचिनी अशी अंगावर आली, की खोकल्याचं औषध पितोय असं वाटलं. बिअर वाईट होती की मलाच पिता आली नाही? अजून एक बाटली शिल्लक आहे, पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवू का?

उत्तर : फ्रीजच्या गारठ्यात वास बाटलीतच अडकून राहतो. लागरला, म्हणजे नेहमीच्या हलक्या, थंडगार प्यायच्या बिअरला ते चालतं, या बिअरला नाही. बाटली अर्धा तास आधी बाहेर काढा. १० ते १३ अंशांवर ही बिअर बोलायला लागते. ग्लास अर्धाच भरा आणि फेस आहे तोवर वास घ्या, कारण नाक फार लवकर सरावतं.

आता माझा हट्ट सांगतो. पहिल्या वासात मसाले ओळखायचेच नाहीत, ते कुठे पळून जात नाहीत. आधी माल्ट, म्हणजे बिअरचा पाया असलेलं मोड आणून वाळवलेलं धान्य, शोधा : कॅरमेल, पावाची करपट कड, काळ्या मनुका. हे सापडलं तर मसाला कशावर तरी उभा आहे. नाही सापडलं, तर तुम्ही मसाल्याचं पाणी पिताय, मग लेबल कितीही देखणं असो. बीजेसीपी या बिअर-परीक्षकांच्या संस्थेच्या गुणपद्धतीतही ५० पैकी २० गुण चवीला, १२ वासाला आणि रूपाला फक्त ३ आहेत. त्यामुळे ग्लास उजेडात धरून रंगावर व्याख्यान देणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

तुमच्या ‘औषधा’बद्दल. लवंगेतलं युजेनॉल दंतवैद्य वापरतात, म्हणून त्या वासाला आपण चटकन औषध म्हणतो. वास निव्वळ लवंगेचा असेल तर बिअर बिघडलेली नाही, ब्रूअरचा, म्हणजे बिअर बनवणाऱ्याचा, मसाला टाकताना हात सैल सुटला एवढंच. घटकांच्या यादीत लवंग नसेल तर यीस्टवर संशय घ्या : काही बेल्जियन आणि जर्मन गव्हाच्या बिअरचे यीस्ट असाच वास स्वतः तयार करतात. पण जखमेवरच्या चिकटपट्टीसारखा, प्लास्टिकचा वास आला, तर तो दोष. बहुतेक वेळा पाण्यातलं क्लोरीन त्याच्या मुळाशी असतं. घोट गिळल्यावर जीभ तुरट होऊन ओढली गेली, तर मसाला जास्त उकळला गेला असावा. ७.५ टक्क्यांची ऊब घशात जाणवायलाच हवी. नेलपॉलिश रिमूव्हरची आठवण झाली किंवा जाळ झाला, तर किण्वन बहुधा फार गरम झालंय.

तुमच्या वर्णनावरून मला तरी हात सैल सुटल्याचंच प्रकरण दिसतं, आणि त्यात थंड ग्लासाची भर.

दुसरी बाटली जरूर ठेवा. अंधारात, थंड जागी, उभी. लवंगेचा तोरा काही महिन्यांत उतरतो आणि माल्टला जागा मिळते. ६ डिसेंबरला बनणारी १४ टक्क्यांची सामिक्लाउस ही ऑस्ट्रियन बिअर वर्षानुवर्षं टिकते. तुमच्या बाटलीकडून तेवढी अपेक्षा नको. ओला पुठ्ठा हुंगल्यासारखं वाटलं, की तिचे दिवस भरले असं समजा.