वाचक विचारतात : क्लब बदलत राहणाऱ्या फुटबॉल मध्यरक्षकाचा (मिडफिल्डरचा) करार, पगार आणि पाय

प्रश्न : ज्या मध्यरक्षकाने पंधरा वर्षांत दहा क्लब बदलले, तो कुठेच टिकला नाही असंच म्हणायचं ना?

उत्तर : असं म्हणणं अन्यायाचं होईल. गोलरक्षकाचं काम प्रशिक्षक बदलला तरी बहुतेक तेच राहतं, मध्यरक्षकाचं राहत नाही. ४-२-३-१ (बचावापासून पुढे खेळाडूंची मांडणी) खेळणारा संघ ४-४-२ वर गेला, की स्ट्रायकरच्या मागे खेळणाऱ्या ‘दहा नंबर’ला मैदानात जागाच उरत नाही. खेळ उतरलेला नसतो, तरी तो बाकावर बसतो आणि पुढच्या ट्रान्सफर विंडोत (क्लब बदलण्याच्या ठरलेल्या काळात) नवा क्लब शोधतो. फ्रेंच मध्यरक्षक लासाना दियाराचीच वाटचाल पाहा : ल हाव्र, चेल्सी, आर्सेनल, पोर्ट्समथ, रेआल माद्रिद, आन्झी, लोकोमोटिव्ह मॉस्को, मार्सेय, अल जझिरा, पॅरिस सें-जर्में. क्लब मोजले तर दहा भरतात. त्यातल्या पोर्ट्समथकडून त्याने २००८ चा एफए कप ही इंग्लंडची स्पर्धा जिंकली आणि तो फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाकडूनही खेळला. क्लबांची संख्या पाहून खेळाडू जोखू नये. प्रत्येक ठिकाणी तो किती मिनिटं खेळला, ते पाहावं.

प्रश्न : करार हंगामाच्या शेवटी संपतोय. हालचाल कधी सुरू करायची आणि सहीपूर्वी काय तपासायचं?

उत्तर : करार संपायला सहा महिने उरले, की फिफाच्या नियमानुसार दुसऱ्या क्लबशी पुढचा करार करता येतो. मात्र बोलणी सुरू करण्याआधी नव्या क्लबने सध्याच्या क्लबला लेखी कळवायला हवं. त्याच देशातल्या क्लबकडे जायचं असेल तर तिथल्या संघटनेचा वेगळा नियम असू शकतो, तो आधी पाहून घ्या.

हा हक्क सहज मिळालेला नाही. बेल्जियमचा मध्यरक्षक जाँ-मार्क बोसमन याचा लिएजशी करार १९९० मध्ये संपला, तरी त्याला फ्रान्समधल्या डंकर्कला जाता आलं नाही. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला आणि करार संपलेल्या खेळाडूसाठी युरोपीय संघातल्या क्लबांनी एकमेकांकडे पैसे मागणं बंद झालं. आज ‘फ्री ट्रान्सफर’वर जगणारा प्रत्येक खेळाडू त्याचा ऋणी आहे.

या सहा महिन्यांत स्वतःच्या खेळाचा व्हिडिओ तयार ठेवा. चार ते सहा मिनिटं पुरेत. मध्यरक्षकांची नेहमीची चूक म्हणजे नुसते गोल आणि लांब पास जोडणं. स्काउटला (क्लबसाठी खेळाडू हेरणाऱ्याला) वेगळंच हवं असतं : पाठीवर प्रतिस्पर्धी असताना चेंडू कसा घेतो, चेंडू गमावल्यावर पहिल्या पाच सेकंदांत काय करतो, बॅक (कडेचा बचावपटू) पुढे गेला की त्याची जागा कोण भरतो. प्रत्येक प्रसंगाआधी स्वतःभोवती गोल खूण करा. सोबत अलीकडचे दोन पूर्ण सामने पाठवा, त्यांतला एक हरलेला असू द्या.

आता करार. त्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं असते. आधी सही आणि मग वैद्यकीय तपासणी, अशी अट क्लबला घालता येत नाही. सही झाली म्हणजे करार लागू झाला, नंतर गुडघ्याचा अहवाल दाखवून तो मोडता येत नाही. म्हणून क्लब तपासणी आधी उरकतात. तुम्हीही सही होईपर्यंत जुनं घर सोडू नका.

पगाराचा आकडा कर कापून आहे की कापण्याआधीचा, आणि कोणत्या चलनात, हे लिहून घ्या. संघ खालच्या श्रेणीत गेला तर पगार किती टक्के घटेल, तेही आकड्यात हवं. ‘वीस सामने खेळल्यास एक वर्ष मुदतवाढ’ या कलमाला विशेष जपा. अठराव्या-एकोणिसाव्या सामन्यानंतर खेळाडू अचानक बाकावर बसतो, कारण क्लबला ते वर्ष द्यायचं नसतं. शक्य असेल तर ‘सामने’ऐवजी ‘खेळाडू ज्यांसाठी उपलब्ध होता ते सामने’ असे शब्द मागा. निदान बदली म्हणून उतरणं मोजलं जाईल का, एवढं तरी स्पष्ट करून घ्या.

प्रश्न : दोन महिन्यांचा पगार थकला आहे. क्लब सोडून निघून जावं का?

उत्तर : तसंच निघून जाऊ नका. सर्वाधिक नुकसान इथेच होतं. दोन मासिक पगार नियत तारखेला मिळाले नाहीत, तर क्लबला लेखी नोटीस द्या आणि पूर्ण रक्कम भरायला किमान पंधरा दिवसांची मुदत द्या. नोटिशीत महिने आणि रक्कम नेमकी लिहा. पोहोचल्याचा पुरावा राहील अशा रीतीने ती पाठवा. मुदतीत पैसे आले नाहीत, तर योग्य कारणाने करार संपवता येतो. देशात खेळाडू संघटना आणि क्लब यांचा सामूहिक करार असेल, तर त्यातल्या अटी वेगळ्या असू शकतात. संघटनेच्या वकिलाला आधीच विचारा.

ते पंधरा दिवस सरावाला रोज हजर राहा. रागाने दहाव्या दिवशी विमान पकडलं, तर चुकलेला क्लबच खेळाडूवर गैरहजेरीचा दावा ठोकतो. फिफाकडे तक्रार न्यायची तर घटनेपासून दोन वर्षांच्या आत न्यावी लागते, नंतर ती ऐकली जात नाही.

करार वादातून तुटला तर काय होतं, ते दियाराने भोगलं. पगारकपातीच्या वादानंतर लोकोमोटिव्हने २०१४ मध्ये त्याचा करार संपवला आणि २०१५ मध्ये फिफाने त्याच्यावर १ कोटी ५ लाख युरोंची भरपाई लादली. नवा क्लबही या देण्यात सहभागी धरला जाईल, या भीतीने बेल्जियमच्या शार्लरवा क्लबशी जुळलेलं बोलणं फिसकटलं. ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपीय न्यायालयाने भरपाईच्या या नियमांचे काही भाग युरोपीय कायद्याविरुद्ध ठरवले. म्हणजे बोसमनचा आणि हा, दोन्ही ऐतिहासिक निकाल मध्यरक्षकांनीच मिळवले, पण दियाराला तो मिळेपर्यंत त्याची कारकीर्द संपली होती.

प्रश्न : ऑगस्टमध्ये लोनवर (मूळ क्लबशी करार ठेवून काही काळ दुसऱ्या क्लबकडून खेळायला) जायचं आहे. जानेवारीत पटलं नाही तर तिसऱ्या क्लबकडे जाता येईल?

उत्तर : मूळ क्लबकडून ऑगस्टमध्ये किती मिनिटं खेळलात, यावर ते ठरतं. एका हंगामात नोंदणी तीन क्लबांत करता येते, पण अधिकृत सामने दोनच क्लबांकडून खेळता येतात. कपच्या सामन्यात ८८ व्या मिनिटाला उतरलात तरी मूळ क्लब मोजला गेला आणि लोनचा क्लब दुसरा ठरला. मग जानेवारीत उरतात तेच दोघे. (वेगळ्या काळात हंगाम चालणाऱ्या देशांमध्ये थोडी सवलत आहे.) म्हणून लोन ठरत आलं असेल, तर त्या दोन मिनिटांसाठी उतरण्याआधी प्रशिक्षकाशी बोला.

प्रश्न : नव्या संघात पहिल्या आठवड्यात काय शिकावं?

उत्तर : सहकाऱ्यांच्या सवयी. उजवा बॅक वर गेला की मागे कोण थांबतं? प्रेस करायचा (चेंडू असलेल्यावर धावून दबाव टाकायचा) इशारा कोणता, प्रतिस्पर्ध्याचा मागे दिलेला पास की वाईट पहिला टच? मधल्या बचावपटूला चेंडू कोणत्या पायावर हवा? कॉर्नरला तुमचा माणूस कोण? हे प्रशिक्षकाला न विचारता बाजूला खेळणाऱ्याला विचारा. मैदानात हाक त्यालाच मारायची असते. तिथल्या भाषेत ‘वळ’, ‘मागे माणूस’, ‘थांब’ आणि ‘बाहेर’ हे चार शब्द पहिल्याच दिवशी पाठ करा.

प्रश्न : वय ३१. दोन महिने क्लबविना आहे. पाय कसे तयार ठेवावेत?

उत्तर : मध्यरक्षक सामन्यात साधारण दहा ते बारा किलोमीटर धावतो, म्हणून बरेच जण नुसते लांब पळत राहतात. दम टिकतो, पण करार मिळाल्यावर पहिल्याच आठवड्यात मांडीमागचा स्नायू ओढला जातो, कारण पूर्ण वेगाची सवय गेलेली असते. आठवड्यातून दोनदा पूर्ण वेगाने छोट्या स्प्रिंट मारा आणि मध्ये पूर्ण विश्रांती घ्या. नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (गुडघे टेकून शरीर हळूहळू पुढे झुकवायचा, मांडीमागच्या स्नायूंचा व्यायाम) थोड्या आवर्तनांनी सुरू करून हळूहळू वाढवा. एकट्याने सराव करताना वळणं आणि अचानक थांबणं सुटतं, त्यासाठी कुठल्याही संघासोबत पाच विरुद्ध पाच खेळा. आणि प्रत्येक सत्राची तारीख आणि वेळ लिहून ठेवा. नव्या क्लबच्या फिटनेस प्रशिक्षकाला ती वही दिलीत, तर तो तुम्हाला पहिल्या दिवशी किती पळवायचं ते ठरवू शकेल.