वडिलांना पार्किन्सन आहे, सांगलीत फिजिओथेरपी लावून खरंच फरक पडतो का?

पडतो. पण तुम्ही लिहिलंय, उंबऱ्याशी आले की बाबांचे पाय जमिनीला चिकटतात आणि आई हात धरून ओढते. आधी ते ओढणं थांबवा. छाती पुढे जाते, पाय तिथेच राहतात आणि माणूस तोंडावर पडतो. घरातले सगळे "चला, चला" करतात, त्यानं पाय आणखी घट्ट होतात.

पाय अडकला की पूर्ण थांबायचं. ताठ उभं राहून वजन डावीकडे-उजवीकडे दोन-तीनदा झुलवायचं, मग एक पाय उचलून मोठं पाऊल टाकायचं, टाच आधी. न ठरवता आपसूक चालणं या आजारात बिघडतं; डोळ्यांना खूण किंवा कानाला ठेका मिळाला की तेच पाऊल ठरवून टाकता येतं. सांगलीच्या गावभाग या जुन्या वस्तीतल्या घरांसारखे तुमच्याकडे उंबरे असतील तर दोन्ही बाजूंना फरशीवर आडव्या चिकटपट्ट्या लावा, दीड-दीड फुटावर चार-चार. पांढऱ्या फरशीवर लाल किंवा काळी. पट्टी ओलांडायची, तिच्यावर पाय द्यायचा नाही. तिथलं पायपुसणं आजच उचला. वळताना जागच्या जागी गिरकी नको, अर्धगोल घेऊन वळायचं. हातात चहाचा कप घेऊन तर चालायचंच नाही.

उचलून ठेवायचा चार पायांचा वॉकर घाईनं आणू नका. दर पावलाला चाल तुटते आणि पाय अडकायला निमित्त मिळतं.

आणि शेक, करंट! पार्किन्सनच्या माणसाला अर्धा तास मशीन लावून झोपवून ठेवणं म्हणजे फिजिओथेरपी नव्हे, हे मी वर्षानुवर्षं सांगतोय. खांदा आखडून दुखत असेल तर शेक ठीक. चाल त्यानं सुधारत नाही. पैसे द्यायचे तर जो उभं करतो, चालवतो, वळवतो, खुर्चीतून दहादा उठवतो त्याला द्या. सुरुवातीला आठवड्यातून दोन-तीन दिवस त्याच्याकडे, घरी रोज. वेळ गोळीचा असर चढलेला असतानाची. बहुतेकांना गोळीनंतर पाऊण-एक तासानं अंग मोकळं होतं.

गोळ्या मात्र चालूच ठेवा, व्यायाम त्यांच्या जागी नाही. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर बीपी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर आधी न्यूरोलॉजिस्टना दाखवा. तोवर उठलं की खुर्चीला धरूनच दहा आकडे मोजायचे, मग पहिलं पाऊल.