घर तुमचं, प्रश्न तुमचे: वीस फुटात अंगण बसतं का?

प्रश्न: नमस्कार ताई, जळगावला आमचा २० बाय ५० चा पश्चिममुखी प्लॉट आहे, दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात वाढलेल्या, त्यांना ओटा पाहिजे, तुळस पाहिजे आणि "आखाजीले (अक्षय्य तृतीयेला) झोका कोठे?" हे तर रोजचंच. मिस्त्री म्हणतो मधली जागा भरून टाका, अजून एक रूम निघते. मिस्टर म्हणतात झाडं आली की डास आले. मला घरात थोडी हिरवळ हवीय, काय करू? – एक वाचक, जळगाव

उत्तर: ती एक रूम सोडून द्या. खरंच सांगते, दोन्ही बाजू बंद असलेल्या घरात मधली रूम म्हणजे दिवसाही ट्यूबलाइट लावायची कोठडी, त्यापेक्षा हॉल आणि किचनच्या मध्ये ६ बाय ८ चा वरून उघडा चौक ठेवा, जिना त्याला लागूनच घ्या म्हणजे जागा वाया जात नाही. गरम हवा वर जाते आणि चौकातून निघून जाते, कूलरची हवासुद्धा बाहेर पडायला वाट मिळाली तरच गारवा देते, नाहीतर नुसतं चिकचिक. पावसासाठी वर शीट टाकाल तर कठड्यापासून दीड फूट उंच टाका, चारी बाजूंनी फट हवी. फट बुजवली की भट्टी झालीच म्हणून समजा. चोराची भीती असेल तर खाली लोखंडी जाळी.

आता पश्चिम. आपलं जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर, मेअखेरीला भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो, त्याला छज्जा पुरतो, पण चार वाजताचं ऊन तिरपं, ते छज्जाखालून सरळ घरात. मी हौसेनं स्वतःच्या घरी पश्चिमेला मोठी काच लावली होती, पहिल्याच मेमध्ये तिथल्या फरशीवर पाय टेकवेना, शेवटी ओलं गोणपाट टांगलं आणि पाहुणे आले की काढायचं! म्हणून पुढच्या बाजूला पार्किंग, ओटा, टॉयलेट घ्या, वर जाळी आणि मधुमालती सोडा, झोपायच्या खोल्या मागे पूर्वेला.

झाड लावायचंच, पण एवढ्याशा जागेत कडुनिंब नको. आपली काळी माती पाण्यानं फुगते, वाळली की भेगाळते, त्यात मोठं झाड पायाजवळचं पाणी ओढून घेतं आणि भिंतीला तडे जातात. पुढे पारिजातक, मागे कढीपत्ता आणि बाथरूमच्या पाण्यावर केळीचे दोन खुंट, जळगावात केळी नाही लावायची तर कुठे? मिस्टरांना सांगा, डास झाडानं होत नाहीत, साचलेल्या पाण्यानं होतात, कुंडीखालच्या ताटल्या आणि कूलरची टाकी आठवड्याला कोरडी करा. त्या ताटल्यांचं काम मुलांकडे द्या, माझ्याकडे तसंच आहे, कधीकधी होतं.

गच्चीला पांढरा चुना मारा, वरची खोली जरा कमी तापते, आणि कुरडया वाळवायला सासूबाईंचं राज्य वेगळं.

झोक्याचं मात्र आत्ताच बघा. चौकाच्या कडेच्या बीममध्ये काँक्रीट भरायच्या आधी दोन जाड कड्या सळईला बांधून घ्या, मिस्त्री नंतर ड्रिल मारून देतो म्हणेल, ऐकू नका.