भाव वाढत असताना सहा महिन्यांसाठी घरात काय भरून ठेवावं? (यवतमाळकडचं खेडं)

ज्वारी, तुरीची डाळ, मीठ आणि गूळ एवढं आधी भरा, बाकीचं मग पाहा. आमच्या घरी दरसाल हेच भरतात. नीट वाळलेलं धान्य वर्षभर टिकतं, पीठ मात्र लवकर कडू होतं, म्हणून दळण लागेल तेवढंच. तूर अख्खी ठेवू नका, डाळ करून ठेवा. भुंगा अख्ख्या दाण्याला जास्त लागतो. डाळीला एरंडेल तेलाचा हात फिरवला की काम झालं. ज्वारी एप्रिल-मेच्या उन्हात वाळवा आणि पूर्ण गार झाल्यावरच कोठीत भरा. गरम भरली तर आत घाम सुटतो, मग बुरशी. शेंगदाणे मात्र थोडेच घ्या, खवट होतात. मूगवड्या असल्या तर भाजी महागल्यावर कामी येतात. तुरीचा माल जानेवारी-फेब्रुवारीत निघतो, तेव्हा घेतलेली बहुतेक वेळा स्वस्त पडते. एक मात्र पाळा: धान्यात टाकायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात वापरू नका, दुकानदार काहीही सांगो. त्यांचा वायू माणसालाही मारतो. त्यापेक्षा वाळलेला कडुनिंबाचा पाला टाका, आणि पावसाळ्यात उघडीप मिळाली की कोठी तपासा.