जपानी शिकायला घेतोयस? आधी साहित्य कमी कर

दहा ॲप उतरवलीस, ती आजच काढून टाक. एक पाठ्यपुस्तक, एक शब्दकोश आणि उजळणीला आंकी हे फ्लॅशकार्डचं ॲप, एवढ्यावर पहिलं वर्ष निघतं.

पुस्तकासाठी खिशाला हात घालायची गरज नाही. जपान फाउंडेशनचं 'इरोदोरी' पीडीएफ आणि ऑडिओसकट फुकट मिळतं. त्यात दुकान, घर, कामाची जागा असे रोजचे प्रसंग आहेत. 'मिन्ना नो निहोंगो' क्लासमध्ये चालतं, पण मुख्य पुस्तक सगळं जपानीत आहे. एकट्याने करणार असशील तर व्याकरणाच्या स्पष्टीकरणाचं वेगळं पुस्तक घ्यावंच लागतं, हे दुकानदार सहसा सांगत नाही. शब्दकोशाला जिशो डॉट ऑर्ग पुरे.

हिरागाना आणि काताकाना या जपानीच्या दोन लिप्या, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरं, आधी हाताने लिहून पक्की कर. रोमन लिपीतली पुस्तकं घेऊच नकोस. ती सवय पुढे फार नडते.

व्याकरण मात्र मराठीतून समजून घे. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे: 'तोक्यो नि इकिमास' म्हणजे 'टोकियोला जातो', क्रम तोच. इंग्रजीतून शिकलास की उगीच उलटंपालटं वाटतं.

थोडं वाचता यायला लागलं की एनएचके या जपानी वृत्तसंस्थेच्या सोप्या जपानीतल्या बातम्या वाच. कांजीवर, म्हणजे चिनीवरून आलेल्या चित्राक्षरांवर, उच्चार छापलेला असतो. जेएलपीटी या जपानीच्या प्रावीण्य परीक्षेची घाई नको. पुण्यात केंद्र आहे, परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते. पण त्यात बोलण्याची चाचणीच नाही, त्यामुळे बोलायला कोणीतरी शोधच.