वापरलेलं आउटबोर्ड घेताना: आधी खालचा भाग बघा, मग झाकण उघडा

४० एचपीचं तीन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागच्या फळीला लावायचं इंजिन), फोटोत रंग चकाचक, मालक म्हणतो "फार चाललेलं नाही, नुसतं पडून होतं", आणि तुम्ही विचारताय की पैसे देण्याआधी काय काय तपासायचं. त्यातलं "पडून होतं" विकणारे नेहमी जमेची बाजू म्हणून सांगतात. मी ते उलट बाजूला लिहितो. पडून राहिलेल्या मशीनच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आटून चिकट थर धरतो, इम्पेलरच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातलं चाक) रबरी पात्या वाकल्या तशाच कडक होतात, इंधनाच्या नळ्या तडकतात. खाऱ्या पाण्यात चालवून गोड्या पाण्याने न धुता ठेवलं असेल तर आतल्या वाटांमध्ये मीठ बसतं आणि गंज आपलं काम करत राहतो. जास्त तास झालेलं पण नियमित चालणारं, वेळच्या वेळी गिअरचं ऑइल बदललेलं मशीन मी त्यापेक्षा आधी घेईन.

निघण्याआधी मालकाला फोनवर दोन गोष्टी सांगा: मी येईपर्यंत मशीन चालू करू नका, आणि आदल्या रात्रीपासून ते उभं ठेवा. पोचल्यावर झाकण काढून सिलिंडर हेडला हात लावा. कोमट लागलं तर ते तुमच्यासाठी आधीच चालवून ठेवलंय. थंड असताना सुरू व्हायला मशीन किती कुरकुर करतं तेच तर बघायचं असतं.

बहुतेक लोक झाकण उघडून वरचंच बघत बसतात. मी खालून सुरुवात करतो, कारण मालकाने मशीन कसं वापरलंय ते गिअरकेसइतकं (पंख्याजवळची, गिअर असलेली खालची पेटी) खरं कुठेच कळत नाही. मालकाला विचारून गिअरकेसचा खालचा ऑइल स्क्रू थोडा सैल करा, वरचा तसाच बंद राहू द्या. म्हणजे ऑइल भसकन येणार नाही, थेंब थेंब येईल. खाली पांढरी वाटी धरा. ऑइलपेक्षा पाणी जड, त्यामुळे रात्रभर उभ्या राहिलेल्या मशीनमधून आधी पाणीच बाहेर येतं. पहिला थेंब पाण्यासारखा पातळ पडला, किंवा ऑइल दुधाळ कॉफीच्या रंगाचं निघालं, तर सील गेलंय. काळं आणि जळका वास येणारं ऑइल म्हणजे वर्षानुवर्षं बदललेलं नाही. स्क्रूच्या टोकाला चुंबक असेल तर त्यावरचा करडा, मऊ लेप चालतो. बोटांत धरता येतील असे धातूचे कण किंवा चकत्या मात्र चालत नाहीत, ते गिअरचे दात आहेत. काही मॉडेलांवर ऑइल स्क्रूच्या शेजारीच फुलीच्या खाचेचा दुसरा एक स्क्रू असतो. तो गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा. त्याला अजिबात हात लावू नका, सुटला तर गिअरकेस खोलावी लागू शकते.

आणि ऑइल स्वच्छ, नवंकोरं निघालं? मग मी लगेच खूश होत नाही. विकायच्या आधी बदललेलं असू शकतं. पाण्यात चालवून आणल्यावर तोच स्क्रू पुन्हा सैल करा. सील खराब असेल तर तेवढ्या फेरीतही ऑइल दुधाळ होऊ शकतं. परत घट्ट करताना वॉशर नवा घाला.

तिथेच बसलाय तर किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणारा स्विच) क्लिप काढून मशीन न्यूट्रलमध्ये ठेवा आणि पंखा (प्रोपेलर) हाताने फिरवा, नजर तो ज्यावर बसतो त्या दांड्याच्या टोकावर ठेवा. टोक गोल गोल डगमगलं तर दांडा वाकलाय, कुठेतरी खडकावर आपटलंय. पंख्याची पाती घासून सरळ करता येते, दांडा नाही. शक्य असेल तर पंखा काढून मागे मासेमारीची दोरी गुंडाळली गेलीय का बघा. गिअरकेसमध्ये पाणी शिरण्याचं ते नेहमीचं कारण आहे. गिअरकेसच्या तळाशी माशाच्या परासारखा दिसणारा भाग, म्हणजे स्केग, तुटलेला किंवा वेल्डिंग केलेला असेल तर भाव करा, पण तेवढ्यासाठी सोडून देऊ नका. जस्ताचे ॲनोड (मशीनऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) मात्र नीट बघा. अर्धे झिजलेले असतील तर ते त्यांचं काम करतायत. पूर्ण संपलेले, किंवा रंगाने झाकलेले असतील, तर त्यांच्याऐवजी मशीनचं ॲल्युमिनियम झिजत होतं.

आता झाकणाखाली. फ्लायव्हीलखाली (इंजिनच्या माथ्यावरचं जड चाक), वायरिंगच्या कोपऱ्यांत, स्टार्टरच्या मागे टॉर्च मारा. तिथे वाळलेला चिखल किंवा बारीक रेती असेल तर मशीन कधीतरी बुडलेलं आहे. सगळीकडे एकसारखा ताजा रंग, तोही नळ्यांवर आणि बोल्टांवरसुद्धा उडालेला, हे मला जुन्या गंजापेक्षा जास्त खटकतं. हेडच्या बोल्टांवरचा रंग पान्ह्याने फुटलेला असेल तर सरळ विचारा, कशासाठी उघडलं होतं?

स्पार्क प्लग काढताना सिलिंडरच्या क्रमाने मांडून ठेवा. तिन्ही फिकट तपकिरी हवेत. एकच प्लग वाफेने धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. टोकावर ॲल्युमिनियमचे चमकते ठिपके दिसले तर पिस्टन वितळायला लागलाय, तिथूनच मागे फिरा.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. तो मोजायचा गेज एकेका प्लगच्या भोकात लावायचा. बॅटरी भरलेली, तिन्ही प्लग बाहेर, प्लगच्या वायरी इंजिनच्या अंगाला लावून अर्थ केलेल्या (उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ येते, ठिणगी नको), थ्रॉटल पूर्ण उघडा. गेजचा काटा वर चढायचा थांबेपर्यंत स्टार्टर फिरवा आणि प्रत्येक सिलिंडरला तेवढेच फेरे द्या. "किती पीएसआय हवं?" असं सगळे विचारतात. मॉडेलप्रमाणे आकडा बदलतो आणि गेजागणिकही थोडा फरक पडतो, म्हणून मी आकड्यापेक्षा तफावत बघतो. १२०, ११८, १२२ आलं तर छान. १२०, ११८, ९० आलं तर नाही. १० टक्क्यांच्या आत तिन्ही बसले पाहिजेत. एखादा कमी निघाला तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा: आकडा वर गेला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलाय, तसाच राहिला, त्यातही शेजारशेजारचे दोन कमी असतील, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. टू-स्ट्रोकमध्ये कॉम्प्रेशन चांगलं दाखवूनही सिलिंडरवर ओरखडे असू शकतात. फोनला जोडायचा बारीक कॅमेरा मिळाला तर प्लगच्या भोकातून तेही बघून घ्या. हेच मशीन फोर-स्ट्रोक असतं तर डिपस्टिकचा वासही घ्यायला सांगितला असता. पातळी खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास म्हणजे ऑइलमध्ये पेट्रोल उतरतंय.

नळीच्या पाण्यावर फ्लशिंग मफ (पाणी आत घेणाऱ्या जाळीवर बसवायचे, नळी जोडलेले रबरी कप) लावून चालू करून बघणं ठीक, पण ती अर्धीच चाचणी. पाण्याशिवाय एक क्षणही चालू करू देऊ नका, इम्पेलर बघता बघता जळतो. बाजूने पाण्याची धार जोरात आणि सलग यायला हवी. धार बारीक असेल तर आधी तिच्या तोंडाशी तार घालून बघा, पुष्कळदा तिथे चिखल किंवा किड्याचं घरटं असतं. धार चांगली आली म्हणून इंजिनच्या सगळ्या वाटा मोकळ्या आहेत असंही नाही, फक्त पंप चालतोय एवढं कळतं. टू-स्ट्रोक आहे म्हणून हेही विचारा: ऑइल आपोआप मिसळणारी यंत्रणा चालू आहे का, की बंद करून टाकीतच मिसळतात? बंद असली तरी चालेल, पण माहीत असायला हवं. समज उलटी झाली आणि साधं पेट्रोल गेलं तर मशीन जाम होईल.

खरी परीक्षा पाण्यात, बोटीवर, ओझ्याखाली. झिजलेला गिअर रिकाम्या मशीनवर झकास बसतो आणि वेग वाढवला की खाडकन सुटतो. निदान १० मिनिटं पूर्ण थ्रॉटलला चालवा, माहितीपुस्तकात दिलेल्या कमाल आरपीएमपर्यंत जातंय का बघा. कमी पडलं तर चुकीचा पंखाही कारण असू शकतो, लगेच इंजिनला दोष देऊ नका. पंख्याचा आतला रबर सुटला असेल तर आरपीएम चढतील पण बोट पुढे जाणार नाही. मग हळू चालवा, बंद करा, पाच मिनिटांनी गरम असतानाच पुन्हा सुरू करा. गिअरमध्ये असताना सुरू होता कामा नये, आणि किल स्विचची दोरी ओढताच बंद पडलं पाहिजे.

हे सगळं जमलं तरी तुमच्या बोटीच्या मागच्या फळीची उंची मोजल्याशिवाय पैसे देऊ नका. मशीनचा उभा शाफ्ट सहसा १५, २० किंवा २५ इंचाचा असतो, आणि चुकीच्या लांबीचं मशीन कितीही चांगलं असलं तरी तुमच्या उपयोगाचं नाही. ब्रॅकेटवरच्या पट्टीवरचा सिरियल नंबर कागदाशी जुळवा. बऱ्याच मशीनच्या ब्लॉकवरही नंबर असतो, तोही बघा. पट्टी खरवडलेली किंवा गायब असेल तर भाव कितीही पडता असो, मी घेणार नाही. कॉम्प्रेशनचे तीन आकडे आणि वाटीतल्या ऑइलचा फोटो टाका, मग भावाचं बोलू.