सक्शन कप माउंटने (रबरी कपाने चिकटणाऱ्या स्टँडने), लांब दांडीवर, बॉनेटच्या मध्यावर कॅमेरा लावला की व्हिडिओ जेलीसारखा थरथरतो, आणि पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटात माउंट निसटलंही. काय चुकतंय? डीएसएलआर (लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा) लावता येईल का?

तुमच्या प्रश्नावरून सेटअप असा दिसतो: एकच लिव्हरवाला कप, त्यावर दोन-तीन सांध्यांची लांब दांडी, टोकाला ॲक्शन कॅमेरा (गोप्रोसारखा छोटा कॅमेरा) आणि हे सगळं बॉनेटच्या बरोबर मध्यावर. रस्ता पोलादपूर ते महाबळेश्वर, आंबेनळी घाटाने. व्हिडिओ जेलीसारखा लदलदतो आणि वर पोचेपर्यंत माउंट एकदा सुटलं. या दोन्ही तक्रारींचं मूळ बरंचसं एकच आहे, ती दांडी.

आधी कपाबद्दलचा गैरसमज काढू. ८ सेंटीमीटर व्यासाच्या कपाचं क्षेत्रफळ होतं ५० चौरस सेंटीमीटर. समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस सेंटीमीटरला साधारण १ किलो असतो, म्हणजे आतली सगळी हवा काढली तर कप ५० किलोच्या जोराने दाबला जाईल. लिव्हरवाला कप याच्या निम्माही भरत नाही असं धरा, तरी २० किलो उरतात. त्यासमोर ॲक्शन कॅमेऱ्याचं वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. ताशी ८० किलोमीटरला वाऱ्याचा रेटा कॅमेरा आणि दांडी मिळून दीडशे-दोनशे ग्रॅमच्या वर फारसा जात नाही. त्यामुळे ‘वाऱ्याने उडालं’ हे कारण बहुतेक वेळा खरं नसतं.

कप सरळ ओढून सुटत नाही, तो कडेने सोलला जातो. दांडी २० सेंटीमीटर आणि कपाची त्रिज्या ४ सेंटीमीटर असेल, तर खड्ड्यात कॅमेऱ्याला बसणारा झटका कपाच्या कडेपर्यंत पाचपट होऊन पोचतो. प्रत्येक झटक्याला कड केसभर उचलली जाते, चिमूटभर हवा आत शिरते आणि ती परत बाहेर येत नाही. अशा शंभरेक झटक्यांनंतर कप आपोआप सुटतो, तेही बऱ्याचदा गुळगुळीत रस्त्यावर. म्हणून लोकांना कारण सापडत नाही.

तुमच्या रस्त्यावर आणखी दोन गोष्टी भर घालतात. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के कमी असतो. पोलादपूरला लावलेला कप वर पोचेपर्यंत तेवढी पकड आपोआप गमावतो. दुसरी गोष्ट उष्णता. सकाळी गार पत्र्यावर लावलेल्या कपात जी थोडी हवा अडकलेली असते ती पत्रा तापला की फुगते, आणि रबरही मऊ पडतं. सगळ्यात वाईट वेळ गाडी चालू असतानाची नसते. घाट चढून टपरीवर चहाला थांबलात की बॉनेटवरचा वारा बंद होतो आणि इंजिनाची धग वर येते. पाच-दहा मिनिटांत कप ढिला पडतो आणि चहा पिऊन निघाल्यावर पहिल्याच वळणाला माउंट खाली. थांबा घेतला की कप सोडवून पुन्हा लावायचा, ही सवयच करून टाका.

आता जागा. बॉनेटचा मध्य टाळा. तिथला पत्रा पातळ असतो, अंगठ्याने दाबलात तर आत जाऊन टपकन वर येतो. अशा पत्र्यावर कॅमेरा लावणं म्हणजे ताशावर लावण्यासारखं आहे. बॉनेट उघडून खालून पाहा, आतल्या बाजूला चौकटीसारख्या पट्ट्या दिसतील. त्या जिथे एकत्र येतात किंवा कडेला जवळ जातात ती जागा बाहेरून ओळखून ठेवा, कप तिथे लावा. टपावरही हाच नियम: मध्यावर नको, समोरच्या काचेच्या वरच्या कडेपासून वीतभर मागे, खांबाच्या वर. काच सगळ्यात उत्तम, ती गुळगुळीत असते आणि पत्र्यासारखी दबत नाही. मात्र मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारांच्या) बारीक रेषांवर कप नको, तिथून हवा गळते. खरबरीत काळं प्लास्टिक, मॅट रॅप (गाडीवर चिकटवलेली बिनचकाकीची फिल्म) आणि कपाच्या व्यासात डोळ्यांना जाणवेल इतकी गोलाई असलेली जागा बाद. गाडी जुनी घेतलेली असेल तर आणखी एक पाहा: ज्या पत्र्यावर डेंटिंग-पेंटिंग होऊन खाली पुट्टी भरलेली आहे, तिथे चांगला कप कधीकधी रंगाची खपली घेऊन निघतो.

कप लावण्याआधी जागा धुवा, नुसती पुसू नका. कोकणातल्या रस्त्यांची लाल धूळ कोरड्या फडक्याने पुसली की रंगावर ओरखडे पडतात आणि बारीक कण तिथेच राहतात. पाणी, मग मायक्रोफायबर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात. वॅक्स किंवा पॉलिश केलेलं असेल तर हा शेवटचा हात महत्त्वाचा, कारण वॅक्सवर कप सुटत नाही पण घसरतो. कपाचं रबर भांड्याच्या साबणाच्या एका थेंबाने धुऊन सावलीत वाळवा. कडेवरून बोट फिरवून पाहा, नखाला अडकेल इतकी चीर असली तर तो कप फेकून द्या. कड नुसती वाकली असेल तर गरम पाण्यात, उकळत्या नव्हे, थोडा वेळ बुडवून सपाट काचेवर दाबून गार होऊ द्या, बहुतेक वेळा आकार परत येतो. लावताना कडेला ओल्या फडक्याचा नुसता स्पर्श पुरे. थेंब राहिले तर कप घसरतो. दाबून धरा आणि दाबलेल्या अवस्थेतच लिव्हर फिरवा.

नवा किंवा जुना कप ओळखायची सोपी परीक्षा: रात्री खिडकीच्या काचेवर लावून ठेवा. सकाळी खाली पडलेला दिसला तर तो गाडीवर लावायच्या लायकीचा नाही. गाडीवर लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबून चारही दिशांनी जोरात ओढा. मग ताशी ३० किलोमीटरने दोन किलोमीटर जा, थांबून पुन्हा ओढा. पुढे दर अर्ध्या तासाला.

आता थरथर. दांडी ही स्प्रिंग आहे. एका टोकाला धरलेल्या दांडीची लांबी दुप्पट केली तर ती त्याच झटक्याला आठपट वाकते. तिचा स्वतःचा डोलण्याचा वेग घटून जवळजवळ एक तृतीयांशावर येतो, म्हणजे रस्त्याच्या आणि इंजिनाच्या कंपनांशी तिचं जमायला लागतं. प्रत्येक सांधा म्हणजे आणखी एक बिजागरी. म्हणून सगळ्यात लहान दांडी, शक्यतो एकच सांधा, आणि कॅमेरा पत्र्यापासून १० सेंटीमीटरच्या आत. सांध्याचा प्लास्टिकचा स्क्रू हाताने आवळून भागत नाही, त्यासाठीचा छोटा पाना मिळतो तो घ्या. अँगल हवा म्हणून दांडी लांब करण्यापेक्षा कप दुसरीकडे लावा. लांब दांडी लागणारच असेल तर दुसरा कप लावून तिला तिरका टेकू द्या. त्रिकोण झाला की हलणं बंद.

थरथर कुठून येते हे ओळखायला तीन प्रसंग रेकॉर्ड करा. गाडी उभी आणि इंजिन चालू असताना थरथर दिसली तर दोष इंजिनाचा: ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेरे) चार सिलिंडरचं इंजिन सेकंदाला सुमारे २७ धक्के देतं, तीन सिलिंडरचं २०, आणि पातळ पत्रा ते वर पोचवतो. अशा वेळी कप काचेवर किंवा टपाच्या कडेला न्या. थरथर ठरावीक वेगालाच, समजा ८० ते ९० मध्येच, येत असेल तर व्हील बॅलन्सिंग करून घ्या. १९५/६५ आर १५ टायरचा घेर जवळजवळ २ मीटर आहे, ८० च्या वेगाला तो सेकंदाला ११ वेळा फिरतो आणि बिघडलेलं चाक तेवढ्याच वेळा झटका देतं. आणि फक्त खड्ड्यानंतर कॅमेरा दोन-तीनदा डोलत राहत असेल तर दांडी.

जेलीसारखं दिसतं ते वेगळ्या कारणाने. या कॅमेऱ्यांचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचत खाली येतो. वाचन चालू असताना कॅमेरा हलला की वरच्या आणि खालच्या ओळी वेगवेगळ्या जागी पडतात. हे एडिटिंगमध्ये पूर्ण जात नाही, ते मुळातच, म्हणजे माउंटमध्येच, थांबवावं लागतं.

आणि इथे बहुतेक लोक उलटा उपाय करतात: स्टॅबिलायझेशन, म्हणजे चित्र स्थिर करायची कॅमेऱ्यातली सोय, सगळ्यात वरच्या पातळीवर. कॅमेऱ्यातला जायरो बाहेरच्या जगाच्या तुलनेत कॅमेरा किती फिरला ते मोजतो आणि चित्र तेवढं उलट सरकवतो. रस्ता स्थिर होतो, पण बॉनेट तर कॅमेऱ्याबरोबरच हललेलं असतं. तेही उलट सरकतं, आणि स्थिर रस्त्यावर तुमचं बॉनेट पाण्यात तरंगल्यासारखं डुलतं. वळणावर तर फार विचित्र दिसतं. माझा नियम असा: फ्रेममध्ये गाडीचा भाग ठळक दिसत असेल तर स्टॅबिलायझेशन बंद आणि माउंट घट्ट. फ्रेममध्ये फक्त रस्ता असेल तर चालू. ठरवता येत नसेल तर बंद ठेवून शूट करा आणि नंतर जायरोफ्लो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हवं तेवढंच लावा. त्यासाठी कॅमेरा जायरोचा डेटा फाइलमध्ये साठवणारा हवा.

शटरचंही पाहा, म्हणजे प्रत्येक फ्रेम किती वेळ टिपली जाते ते. कडक उन्हात एफ/२.८ च्या ठरलेल्या ॲपर्चरला (लेन्सच्या छिद्राला) आणि आयएसओ १०० ला (सेन्सरच्या कमी संवेदनशीलतेला) शटर १/३२०० सेकंदाच्या आसपास जातं, त्यामुळे प्रत्येक थरथर सुईसारखी टोचून दिसते आणि रस्ता पळताना दिसत नाही. सेकंदाला २५ फ्रेमला १/५० शटर हवं असेल तर एनडी ६४ फिल्टर (प्रकाश ६४ पट कमी करणारी काळपट काच) लागतो, पातळ ढगात १६, दाट ढगात ८. पण हे माउंट घट्ट झाल्यावर. ढिल्या माउंटवर मंद शटर लावलं तर थरथरीचा नुसता गिलावा होतो. स्टॅबिलायझेशन चालू असेल तेव्हाही शटर फार मंद नको, नाहीतर चित्र जागेवर राहतं आणि धूसरपणा तेवढा उड्या मारतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून कॅमेऱ्यात अँटी-फ्लिकर ५० वर ठेवा, फ्रेम २५ किंवा ५०. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेने येत असाल तर भाताण, माडप, कामशेतच्या बोगद्यांत दिवे लुकलुकणार नाहीत.

डीएसएलआर लावता येतो, पण एका कपावर नाही. लेन्ससकट एक ते दीड किलो होतं. तीन पंपवाले कप घ्या, काच बसवणारे कारागीर वापरतात त्या जातीचे, ज्यांच्या पंपावर लाल रेघ असते. रेघ दिसायला लागली म्हणजे हवा शिरली, थांबा आणि पुन्हा पंप मारा. तिन्ही कप तिपाईसारखे लांब लांब लावा, लेन्स छोटी आणि ठरावीक फोकल लेंग्थची, म्हणजे झूम नसलेली, ठेवा. बॉडीत सेन्सर हलवणारं स्टॅबिलायझेशन असेल तर बंद करा, गाडीच्या कंपनात ते चित्राचे कोपरे डुलवतं. फोन मात्र बाहेर लावू नका. जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या इंजिनाची कंपनं आयफोनच्या कॅमेऱ्यातलं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडवू शकतात, असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलेलं आहे. गाडीची कंपनं तेवढी तीव्र नसतात, पण महागड्या फोनवर हा प्रयोग कशाला?

सुरक्षेची दोरी ऐच्छिक नाही. आंबेनळीसारख्या अरुंद घाटात तुमचा सुटलेला कॅमेरा म्हणजे मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर आलेला दगड. २ ते ३ मिलिमीटर जाडीची नायलॉनची विणलेली दोरी घ्या, स्टीलची तार रंग खरवडते. दोरी कपाला नव्हे, कॅमेऱ्याच्या फ्रेमला बांधा, कारण कप टिकून सांधा तुटणं हेही होतं. दुसरं टोक गाडीला: बॉनेटच्या मागच्या फटीतून आत घेऊन बिजागरीला. टपावरचा कॅमेरा असेल तर दोरी दोन्ही पुढच्या दारांतून आत घेऊन दारं लावून आत गाठ मारा. बॉनेटवर दोन दोऱ्या, दोन्ही बिजागऱ्यांकडे, ढील न ठेवता. सुटला तर कॅमेरा जागच्या जागी लोळला पाहिजे, समोरच्या काचेवर किंवा चाकाखाली जाता कामा नये. रेकॉर्डिंग निघण्याआधी सुरू करा किंवा शेजारच्याला करायला सांगा, चालवणाऱ्याने स्क्रीनला हात लावायचा नाही.

पावसाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात मी कॅमेरा आतच लावायला सांगेन. समोरच्या काचेला आतून, आरशाच्या मागे, वायपर पुसतो त्या भागात. डॅशबोर्डवर नको, तिथे एअरबॅग असते. डॅशबोर्डवर, एअरबॅगची जागा सोडून, काळं मॅट कापड पसरा, काचेतलं प्रतिबिंब बरंच जातं. उरलंसुरलं पोलरायझर (चकाकी कापणाऱ्या) फिल्टरने जातं, पण तो लावून बाजूच्या काचेतून शूट केलं तर काचेवर ठिपक्या-ठिपक्यांची नक्षी दिसते. टफन्ड (तापवून कडक केलेल्या) काचेत दाबाच्या खुणा असतात, त्या उघड्या पडतात. बंद गाडीत उन्हात कॅमेरा तापून बंद पडतो, म्हणून एसीचा एक झोत त्याच्याकडे वळवा, पण थेट काचेवर नको. दमट हवेत गार काचेवर बाहेरून दव धरतं.

काढताना कॅमेरा धरून हिसडा देऊ नका. लिव्हर सोडा, कपाच्या कडेला असलेली जीभ उचला, हवा आत शिरल्याचा फुस्स आवाज आला की तो हातात येतो. जीभ नसेल तर कडेखाली नख घाला. नंतर कप झाकण लावून डिकीत ठेवा. डॅशबोर्डवर उन्हात पडलेला कप पुढच्या ट्रिपपर्यंत वाकडा झालेला असतो.